आत्यानं कापलेला पेपर

आमच्या घरात कुणी कधी अख्खा पेपर वाचला नाही. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, पेपर असाच येतो, मधोमध बाहीच्या आकाराचं भोक घेऊन. मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा धडधाकट पेपर बघितला तेव्हा मी म्हणाले, "तुमचा अजून कापला नाही वाटतं?" तिच्या आईनं माझ्याकडे जे काही बघितलं, ते मला अजून आठवतंय.

कापणारी माझी आत्या. बाबांची धाकटी बहीण. बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या, त्यातली खिडकीची खोली तिची. म्हणजे तिची आणि मशीनची. पलंग एका भिंतीला, मशीन खिडकीपाशी, आणि मध्ये जी जागा उरायची तिथं जमिनीवर कापड पसरलेलं. त्या खोलीत कुणी सरळ चालत नसे. टाचण्या चुकवत, उड्या मारत जायचं. आईचं पाऊल एकदा टाचणीवर पडलं तेव्हा आत्यानं आधी टाचणी वाकली का ते पाहिलं, मग पाय.

हे वेड जुनं होतं. नऊ वर्षांची असताना तिनं आजोबांच्या कोटाची बाही काढली. फाडली असं नाही, एकेक टाका सोडवून व्यवस्थित उसवली. बाही त्या गोल भोकात बसते कशी, एवढंच तिला बघायचं होतं. बघून झालं, पण परत बसवता येईना. आजोबा त्या दिवशी कोट नुसता खांद्यावर टाकून कचेरीत गेले आणि दिवसभर सगळ्यांना उकडतंय म्हणून सांगत राहिले. थंडीचे दिवस होते. मार बसायचा तो आजी हसत सुटल्यामुळे राहून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी आजीनं तिला खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या टोपीवाल्या बाईंकडे पाठवलं. "हिला बाही बसवायला शिकवा, नाहीतर घरात एक कोट राहायचा नाही."

टोपीवाल्या बाईंनी सात वर्षं शिकवलं आणि मुलीकडे राहायला जाताना आपलं हातमशीन आत्याच्या हवाली केलं. पुढे बाबांनी पहिल्या पगारात त्याला पायाचा स्टँड आणून दिला. त्या स्टँडवर आत्याचं सगळं आयुष्य गेलं. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "दोघातिघांची मापं मनातल्या मनात घेऊन बघितली. एकाचीही मान सरळ नव्हती." दुकान टाक म्हटलं तर, "दुकानात अनोळखी माणसं येतात." तिला जिन्यातली, गल्लीतली माणसं पुरायची.

कापडाला कात्री लावायच्या आधी ती प्रत्येक माणसाचं माप कागदावर काढून कापून ठेवायची. पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर. आणि कागद म्हणजे पेपर. तोही आजचा. कालचा घड्या पडून मऊ होतो, त्याची कड नीट कापली जात नाही, असं तिचं म्हणणं.

आता गंमत अशी की बाबा पेपरातच कामाला होते. मुद्रितशोधक. लोकांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचे आणि घरी फुकट शोधायचे. माझ्या शाळेच्या रजेच्या अर्जापासून दुधाच्या यादीपर्यंत सगळ्यावर त्यांची लाल पेन्सिल फिरायची. ती कायम कानामागे असे. रात्रपाळी करून यायचे, दहा वाजता उठायचे, पेपर उघडायचे, आणि पलीकडे पेपरातून मी दिसायचे.

"अगं, मी वाचला नाहीये अजून!"

"तूच छापतोस ना दादा? मग परत काय वाचायचं?"

"काय सुटलं ते बघायला वाचायचं असतं!"

"मग बघ की. अर्धा आहे अजून."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की सुट्टीच्या दिवशी मला जाग यायची ती ह्यानं.

कापलेली ही कागदी माणसं आत्याच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहायची. प्रत्येकाची गुंडाळी, वर दोऱ्याची गाठ, आणि आत तिच्या अक्षरात नोंदी. नावं ती लिहीत नसे. 'बेकरी. पोट दोन इंच वाढलं, बोलायचं नाही.' 'तिसरा मजला. डावा खांदा खाली.' 'मास्तरीण. घेर कमी सांगते, ऐकू नये.' सगळ्यांत खाली माझी गुंडाळी होती, कारण माझं तिनं कधीच काही फेकलं नाही. दर वाढदिवसाला माझा नवा फ्रॉक कापला जायचा, आणि त्याचा कागद आदल्या वर्षीच्या कागदाभोवती गुंडाळला जायचा. पहिल्या वर्षाचा रुमालाएवढा, मग दुसरा, मग तिसरा. अकरा फ्रॉक एकमेकांच्या पोटात. घरात कुणीच माझी उंची भिंतीवर खुणा करून मोजली नाही, लागलीच नाही.

तिची दुसरी सवय म्हणजे शिवणीच्या आत भरपूर जादा कापड सोडायचं. शिवणारे ह्याला माया म्हणतात. इतरजण अर्धा इंच सोडतात, आत्या दोन. तिचे कपडे बाहेरून झकास आणि आतून जाडजूड. बेकरीवाला कुरकुरायचा, "ताई, काखेत उशी घेऊन फिरल्यागत होतं." आत्या ढिम्म. "कापलं की गेलं. आत ठेवलं तर उद्या सोडवता येतं." तिच्या कात्रीला कागद कापायला काही वाटायचं नाही, पण शिवलेल्या कपड्यातली एक चिंधीही ती कापून टाकत नसे.

मी अकरा वर्षांची झाले त्या साली सरकार बदललं. म्हणजे माणसं तीच राहिली, वागणं बदललं. चौकात चारजण उभे राहिले की पाचवा येऊन हाकलायचा. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ तोच एक आवाज सगळं कसं छान चाललंय ते सांगायचा. मास्तरीणबाईंच्या भावाची बदली झाली आणि कुठे झाली ते कुणालाच कळलं नाही. बाबांच्या कचेरीत एक साहेब खुर्ची टाकून बसू लागले. पेपर छापायच्या आधी ते वाचायचे आणि नको ते काढायला लावायचे. काढलेल्या जागी दुसरं काही घालायचं नाही असं संपादकांनी ठरवलं, म्हणून पेपर कोऱ्या चौकटी घेऊन यायला लागला. कधी हाताएवढी, कधी अर्धं पान.

सगळा गाव त्या कोऱ्या जागा बघून गंभीर व्हायचा. आमच्या घरात आत्या खूश. "आता कशी आकडे लिहायला जागा झाली! इतकी वर्षं बातम्यांवर लिहून डोळे गेले माझे."

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतात. पण ते पोट धरून हसले. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदाच.

मग एके दिवशी त्या साहेबांची नजर चुकवून एक अग्रलेख छापला गेला. त्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं कळलं की दुसऱ्या दिवशी छापखान्याला सील लागलं. त्या आठवड्यातच फर्मान निघालं, ह्या पेपराचे जुने-नवे कुठलेही अंक ज्याच्या घरी सापडतील त्याला आत टाकणार. बाबांनी आम्हाला बसवून सांगितलं, आवाज न चढवता. "घरातला एकूण एक अंक आजच्या आज जाळायचा. रद्दीतले, कपाटाखालचे, डब्यांना लावलेले. कळलं?" आणि मग आत्याकडे वळून, "सगळे."

"हो रे," आत्या म्हणाली.

मागच्या गच्चीवर आम्ही जाळलं. आईनं कपाटाच्या फळ्यांवरचे कागद काढले, मी पुस्तकांची कव्हरं काढली. आत्यानं तिच्या खोलीतून मोठं गाठोडं आणलं आणि आगीत टाकलं. भरपूर धूर झाला. त्यात काय होतं ते मी तेव्हाच पाहिलं होतं, कारण मी तिच्या मागोमाग होते. चिंध्या होत्या, पिठाच्या रिकाम्या पिशव्या होत्या, आणि एक जुनं पायपुसणं होतं. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मला ती मोठीच गंमत वाटली.

तिला जमलं नाही, एवढंच. सबंध गल्ली त्या ट्रंकेत होती. कुणाचा खांदा कसा उतरतो, कुणाची पाठ कुठे वाकते, वीस वर्षांत तिनं एकेक करून मिळवलेलं. ते चुलीत घालायचं म्हणजे वेड्यासारखं, असं तिला वाटलं. शिवाय कापलेला पेपर तो काय पेपर राहतो, असंही तिनं स्वतःला समजावलं असणार.

पंधरा दिवसांनी सकाळी तिघं आले. एक पोलीस साहेब, दोन शिपाई. बाबा दाढी करत होते. कपाटं उघडली, गाद्या उलटल्या, आणि मग ट्रंक ओढली. साहेबांनी पहिली गुंडाळी सोडली तर बेकरीवाल्याची पाठ निघाली. अख्ख्या पाठीवर तो अग्रलेख होता. मानेपासून कमरेपर्यंत, एक ओळ कापलेली नाही.

साहेबांनी ती उजेडाला धरली, मग दुसरी गुंडाळी सोडली, मग तिसरी. "छत्तीस, एकतीस, चाळीस. उजवीकडे पाऊण उतार. हे काय लिहिलंय?"

"मास्तरीण," आत्या म्हणाली. "स्कर्ट आहे."

"'बोलायचं नाही' म्हणजे कुणाशी बोलायचं नाही?"

"बेकरीवाल्याशी. पोट वाढलंय त्याचं."

साहेब हसले नाहीत. "बाई, आकडे, टोपणनावं, बंदी घातलेला पेपर. मला लहान पोर समजता?"

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण कामाचा विषय निघाला की तिला भीती आठवत नसे. तिनं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं सांगू? कॉलर सोळा. छाती बेचाळीस, फुगवल्यावर त्रेचाळीस. उजवा हात अर्धा इंच लांब आहे, तुमचा शिंपी दोन्ही बाह्या सारख्या कापतो, म्हणून तुम्ही सारखे उजवा कफ ओढता."

साहेबांचा हात उजव्या कफावरच होता. त्यांनी तो सोडला. एक शिपाई फिसकन हसला आणि लगेच भिंतीकडे बघायला लागला. मला वाटलं, जिंकलो आपण.

पण ते ट्रंक घेऊन गेले आणि बाबांनाही घेऊन गेले. चौकशीला, असं म्हणाले. बाबांच्या एका गालावर साबण तसाच होता. आईनं टॉवेलनं तो पुसला. जाताना बाबांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. आत्या दारात उभी होती, तिच्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, ह्यावर तिनं पुढचे दहा महिने घालवले.

पत्र पाठवायला बंदी, भेटायला बंदी. चालायचं ते एकच. दर दुसऱ्या मंगळवारी एका खिडकीवर धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं द्यायचं आणि मळलेल्या कपड्यांचं घ्यायचं. रांग मोठी असायची. आई उभी राहायची, कारण आत्याला तिथं उभं राहवत नसे.

पहिलं गाठोडं घरी आलं, आणि आईनं ते बादलीत टाकायच्या आत आत्यानं ओढून घेतलं. पँट उलटी केली, खिडकीत नेली, कंबरपट्ट्यावरून अंगठा फिरवला. "दुमडून बांधतोय. अर्धा इंच उतरलाय."

"कशावरून?" आई म्हणाली.

"घडी बघा की, वहिनी."

त्या दिवसापासून आमच्याकडे कपडे वाचले जायला लागले. गुडघे घासलेत, म्हणजे जमिनीवर बसतो. डावं कोपर झिजलंय, म्हणजे त्या कुशीवर झोपतो, म्हणजे उजवीकडे कुणीतरी खेटून झोपतंय. पाठीचा रंग उडालाय, म्हणजे उन्हात सोडतात, हे बरं आहे. आई सगळं खोटं समजून ऐकायची, आणि मंगळवारी जिना चढता चढताच विचारायची, "वन्सं, बघा बरं आज काय म्हणतायत." बाबांचा कागद जप्त झाला होता, तेव्हा माप घ्यायला हाताशी ती पँटच होती. आत्यानं ती मागून अर्धा इंच आत घेतली. दोन महिन्यांनी आणखी अर्धा. मग तिसऱ्यांदा. आतलं कापड मात्र तिनं तसूभर कापलं नाही.

ह्या काळात तिनं दुसऱ्या कुणाचंही शिवलं नाही. लोक विचारायला यायचे, ती कागद नाहीत म्हणून सांगायची. पेपरला तर हात लावत नव्हती. घरात सरकारचा पेपर यायचा, अख्खाच्या अख्खा, आणि तो कुणी वाचत नव्हतं. माझा बारावा वाढदिवस आला आणि गेला. फ्रॉक झाला नाही. अकराव्याचाच मी गुडघ्याच्या चार बोटं वर घालून हिंडत होते. एकदा ती त्याचीच दुमड खाली सोडत होती, मी स्टुलावर उभी, तिच्या तोंडात टाचण्या. टाचण्या काढून ती म्हणाली, "बारके, मी ते जाळलं असतं तर तुझा बाप घरी असता."

मी म्हटलं, "पण मग बेकरीवाल्याचा कोट कसा झाला असता?"

ती रडायला लागली. मी पण. स्वयंपाकघरातून आई ओरडली, आता काय झालं, तर आम्ही दोघींनी टाचणी टोचली म्हणून सांगितलं.

सातव्या महिन्यातल्या गाठोड्यातला शर्ट मी कधी विसरणार नाही. तिसरं बटण तुटलं असावं, त्या जागी दुसरंच, पांढऱ्या शर्टावर तपकिरी, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. दोरा पंधरा वेळा गुंडाळलेला, मागे ही भलीमोठी गाठ. बाबांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी लावलं होतं. आत्या खुर्चीत बसली आणि तो शर्ट तिनं मांडीवर पसरला. "इतकं भिकार बटण मी जन्मात बघितलं नाही," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसायला लागली. "वहिनी, त्याला मित्र मिळाला हो आत." एरवी दुसऱ्याचा वाकडा टाका दिसला की तिचे हात शिवशिवायचे. ते बटण तिनं तसंच ठेवलं. धुऊन, इस्त्री करून, गाठीसकट परत पाठवलं.

मग निवडणूक झाली, कुणाला वाटलं नव्हतं असा निकाल लागला, आणि एका दुपारी बाबा स्वतःच जिना चढून आले. दार मी उघडलं. ओळखायला क्षणभर लागला, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, पण पँट अगदी अंगावर बसली होती. ते म्हणाले, "खाली बेकरीच्या पाटीवर दोन चुका आहेत. मी गेलो तेव्हा एकच होती." मी लाल पेन्सिल आणून त्यांच्या हातात दिली. आईनं मग जे रडून घेतलं, त्यात माझं आणि आत्याचंही सगळं येऊन गेलं.

चार दिवस आत्या बाबांच्या समोर बसली नाही. वाढायची आणि आपल्या खोलीत जायची. पाचव्या दिवशी बाबाच तिच्या खोलीत आले, टाचण्या चुकवत, आणि पलंगावर बसले. आई दारात धान्य निवडत होती, मी मशीनच्या पायदानावर.

"तीन टिपा घातल्यास," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी पँट आली की मी आधी उलटी करून बघायचो. नवी टीप दिसली की कळायचं, हिच्या लक्षात आलंय."

आत्यानं मान वर केली नाही. "दादा, मी ते जाळले नव्हते. तुला सांगितलं जाळले, आणि ठेवले. माझ्यामुळे गेलास तू."

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तू जाळले नाहीस ते. अगं, एकशेसतरा कागदांचा धूर आणि पायपुसण्याचा धूर ह्यातला फरक मला कळत नाही? दुसऱ्या दिवशी तू बेकरीत गेलीस, तेव्हा मी ट्रंक ओढली. म्हटलं, ही जाळत नाही तर मी जाळतो. काड्यापेटी होती हातात." ते थांबले. "सगळ्यांत खालची गुंडाळी आधी हाताला लागली. ती सोडली तर आतून बारकीचा अकराव्याचा फ्रॉक, मग दहाव्याचा, मग नवव्याचा. मी जमिनीवर एका ओळीत मांडत गेलो. दारापासून खिडकीपर्यंत पोचले. शेवटी तो एवढासा पहिला. ती ओळ मोडून काडी कशी ओढणार? परत गुंडाळले, बांधले, आणि ट्रंक ढकलून दिली आत. तुझ्यासारखीच गाठ मारायला अर्धा तास लागला मला."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग दारातून जाताना मान हलवलीस ती?"

"ती? साबण कानात गेला होता."

आईच्या हातातलं ताट खाली आदळलं. "म्हणजे दोघांनाही माहीत होतं!" ती ओरडली. "दहा महिने मी त्या खिडकीवर उभी! उन्हात, थंडीत! फ्रॉकांसाठी! भावंडं आहात की काय आहात तुम्ही? एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!" तिला खरोखरच राग आला होता आणि तो दोन दिवस टिकला. त्या दोन दिवसांत आमच्या घरी चहा झाला नाही. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी मात्र पायदानावर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. बाबा माझ्या फ्रॉकांपायी आत गेले होते. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद मला त्यानंतर फार थोड्या वेळा झाला.

महिन्याभरानं बाबांच्या अंगावर जरा मांस आलं तेव्हा आत्यानं तिसरी टीप उसवली. आणखी दीड महिन्यानं दुसरी. आई कंबर बघून वाढायची आणि आत्या टेप घेऊन उभी असायची. पहिली टीप उसवली त्या दिवशी पँटच्या मागे जुनी शिवण जशीच्या तशी निघाली, आणि बाबांनी मुद्दाम सगळ्यांसमोर फिरून दाखवलं.

ट्रंकही परत आली. प्रत्येक कागदावर जांभळा शिक्का. बेकरीवाल्याची पाठ मुद्देमाल क्रमांक एक, मास्तरीणबाईंचा स्कर्ट दोन. आत्यानं सगळे मोजून घेतले, पण ट्रंकेत नवी गुंडाळी काही गेली नाही. माणसं पुन्हा विचारायला यायला लागली, तर ती जुन्या कागदांवर भागवायची. नवा कागद कापायचा म्हटलं की कात्री हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. माझी अवस्था तर बघवत नव्हती. फ्रॉक आता झगा राहिला नव्हता, शर्ट झाला होता.

छापखान्याचं सील निघालं आणि पेपर पुन्हा सुरू झाला. पहिल्या अंकाच्या रात्री बाबा कामावरून आले ते झोपलेच नाहीत. सकाळी आत्या उठली तेव्हा मशीनवर अंक ठेवलेला होता. ताजा, कडक, घडीसुद्धा न मोडलेला. शेजारी कात्री. आणि मी स्टुलावर उभी, कारण बाबांनी मला ओढून आणलं होतं.

"बारावा राहिलाय," बाबा म्हणाले.

आत्यानं अंक उघडला. पानंच्या पानं अक्षरांनी भरलेली. दहा महिन्यांचं सगळं एका दिवसात सांगायचं होतं त्यांना. तिनं कात्री उचलली नाही. "आजचा आहे रे. वाचला नाहीस अजून."

"छापायच्या आधी दोनदा वाचलाय. काप."

तिनं माझी पाठ मोजली, खांदा मोजला, पहिल्या पानावर खडूनं गळा काढला. कात्री चालायला लागली आणि तो करकर आवाज खोलीत परत आला. बाही झाली, पाठ झाली. मग ती थांबली आणि कागद इकडून तिकडून फिरवून बघायला लागली. कपाळाला आठी.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सगळं भरून छापलंय मेलं. एक कोरी जागा नाही. आता आकडे कुठे लिहू?"

छापून आलेल्या अक्षरावर दुसऱ्या कुणी रेघ ओढली तरी बाबांच्या अंगावर काटा यायचा. त्यांनी कानामागची लाल पेन्सिल काढली, तिच्या हातात दिली, आणि म्हणाले, "वरून लिही. बातमीवरच लिही."